मास्तरांच्या अंगचे कपडे

मास्तरांचा एक नियम होता. शिंप्याने दुकानाला पाटी लावली नाही तरी चालेल, पण ढगळ कपडा घालून दारात उभं राहता कामा नये. गिऱ्हाईक आधी शिंप्याची पँट बघतं आणि मग पिशवीतलं कापड बाहेर काढायचं की नाही ते ठरवतं, असं ते म्हणत. नुसतं म्हणत नसत, तसे वागत. घर वर आणि दुकान खाली, मध्ये फक्त जिना. पण तेवढ्यासाठीही कडक इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात टेप. आई म्हणायची, "हे झोपेतसुद्धा घडी मोडू देत नाहीत." बायको म्हणून तिला थोडं वाढवून सांगायचा हक्क होता, पण यात तिने फारसं वाढवलेलं नव्हतं.

मुलीला सगळे बारकी म्हणत. थोरला दादा दूरच्या शहरात नोकरीला लागून मोकळा झाला होता. बारकी शाळा संपल्यापासून दुकानात. वय तिशीच्या पुढे गेलं, एकदोन केस पांढरे झाले, तरी नाव आपलं बारकीच. काज-बटणापासून सुरुवात करून ती कोटाच्या बाह्या बसवण्यापर्यंत पोचली होती; मात्र कटिंगचं टेबल मास्तरांचं आणि मोठी कात्रीही मास्तरांची. तिने काहीही शिवून पुढे ठेवलं की मास्तर ते उलटं करत, आतल्या शिवणीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "चालेल." संपलं कौतुक. फारच खूश असले तर पाठोपाठ चहा मागवत. लोकांना बापाकडून घरंदारं हवी असतात. बारकीला "चालेल"च्या पुढचा एखादा शब्द हवा होता, आणि तो काही केल्या मिळत नव्हता.

मध्यंतरी मास्तरांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना जी ग्रंथी असते, तिचा. शस्त्रक्रिया न करता इंजेक्शनं सुरू झाली. ती दर तीन महिन्यांनी घ्यायची आणि अंगातलं पुरुषी हार्मोन बंद करून टाकायचं, म्हणजे त्या गाठीची उपासमार होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाठीची झाली असेल, पण मास्तरांचेही हाल झाले. उतारवयातल्या बायकांना येतात तशा गरम वाफा त्यांच्या अंगातून उठत. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते घामाने निथळत आणि "पंखा बिघडलाय," असं म्हणून वेळ मारून नेत. आजार त्यांनी कुणाला कळू दिला नाही. कंबरदुखी आहे एवढंच सगळ्यांना माहीत. त्या इंजेक्शनांविषयी घरातही बोलायची सोय नव्हती. विषय निघाला की ते उठून खाली जात.

पण गुण आला. रक्ताच्या तपासणीतला आकडा खाली आला आणि खालीच राहिला, तशी डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवून नुसती रक्ताची तपासणी ठेवली. दर वेळी रिपोर्ट घेऊन आई जिना चढायची ती पोरीसारखी.

त्यानंतर मास्तरांचा चेहरा भरू लागला. गाल वर आले, रंग लाल झाला. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "मास्तर, तब्येत मानवली!" एकाने तर "या वयात बाळसं धरलंत की," असं म्हणून त्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं. मास्तर हसले नाहीत, पण आई वर जाऊन हसली. कॅन्सरने माणूस वाळतो, एवढंच तिला ठाऊक होतं. नवरा वाळत नव्हता, भरत होता. "अंगाला लागतंय गं," ती बारकीला म्हणाली, "आता मला घोर नाही." बारकीलाही तसंच वाटलं. तिला का दोष द्यायचा? तुम्हाआम्हालाही तसंच वाटलं असतं.

फक्त पँट कंबरेला बसेना. पहिल्या दिवशी मास्तरांनी आईला धारेवर धरलं, की गरम पाण्यात कापड आटवलंस. आई बिचारी जन्मभर त्यांचे कपडे गार पाण्यात धूत आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेल्ट फेकला, तिसऱ्या दिवशी जेवण अर्ध्यावर टाकून उठले. मग मास्तर आंघोळीला गेलेले बघून आईने ती पँट बारकीच्या हातात दिली आणि डोळ्यांनीच खूण केली. मायलेकींमध्ये असे कट शब्दांवाचून शिजतात.

पँटीच्या मागच्या शिवणीत आत थोडं जादा कापड सोडलेलं असतं, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर माया भरपूर सोडत. बारकीने शिवण उसवली, कंबर बोटभर सैल केली आणि जुन्या टाक्यांच्या खुणा ओलं फडकं घालून इस्त्रीने मारल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं. मास्तर आंघोळ करून आले, पँट चढवली, हुक लागला. त्यांनी आरशात एकदा पाहिलं आणि गुणगुणत खाली गेले. आई आणि बारकी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसत राहिल्या.

मग ते नेहमीचंच झालं. एक पँट झाली की दुसरी, मग शर्ट. गळ्याचं बटण सरकवायचं, पोटावर घेर वाढवायचा. गंमत म्हणजे, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली, कंबर सैल करावी लागे तसतशी मांडी मात्र ढिली पडे. मागून पँट लोंबायची. बारकीने मांड्या आत घेतल्या. कोटाची कॉलर मानेवरून उचलली जाऊ लागली, कारण मानेखाली मांसाचा एक उंचवटा आला होता. बारकीने कॉलर काढून तिला नवा आकार दिला आणि ती अशी बसवली, की उंचवटा कोटात बेमालूम मुरून गेला. त्या दिवशी ती स्वतःवरच खूश होती. जाडा होणारा माणूस मांड्यांत बारीक कसा होईल, हा प्रश्न कुठल्याही परक्या माणसाला पडला असता. तिला तो बसवण्याचा प्रश्न वाटला आणि तिने तो सोडवला. शिंप्याची नजर ती. अंग वेडंवाकडं दिसलं की तिला अंगाबद्दल काही वाटत नाही, कपड्यात काय करायचं एवढंच सुचतं.

एव्हाना मास्तर वेगळेच वागू लागले होते. झोप उडाली होती. उजाडायच्या आत खाली जाऊन कापत बसत. जन्मात न बोलणारा माणूस बोलायला लागला की थांबत नसे. आणि अशाच एका सकाळी, जुनं गिऱ्हाईक असलेले वकीलसाहेब कोटाचं कापड घेऊन आले असताना, मास्तर खुर्चीतून उठले, मोठी कात्री बारकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा कोट आता ही कापेल. हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी बापाच्या मायेने नाही सांगत, शिंपी म्हणून सांगतो."

बारकीला काय करावं कळेना. ती उगाच मशीनवरचे दोरे झटकत राहिली. दुपारी तिने दादाला फोन केला आणि ते वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. दादा म्हणाला, "बाबा म्हणाले? आपले बाबा?" दोघं खूप हसली.

कोट झाला. वकीलसाहेब ट्रायलला आले, आरशासमोर उभे राहिले, त्यांना आवडलाही. तेवढ्यात मास्तरांचा पारा चढला. कशावरून चढला ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी वकीलसाहेबांच्या अंगावरचा कोट जवळजवळ ओढूनच काढला, उलटा केला आणि अस्तर टराटरा फाडलं. "ही शिवण आहे? ही झाकपाक आहे!" ते ओरडत होते. लाल चेहरा आणखी लाल झाला होता. "तुला झाकायला तेवढं येतं. बाकी काही येत नाही. दुकान बंद करीन, कुलूप लावीन, पण तुझ्या हातात देणार नाही!" रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. वकीलसाहेब भल्या माणसासारखे शर्टावरच निघून गेले.

बारकीने कात्री टेबलावर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. काज-बटणाच्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिथेच बसू लागली. मास्तरांच्या पँटी मात्र ती उसवत आणि शिवत राहिली. चिडलेल्या माणसाला घट्ट कपडा घालून आणखी कशाला चिडवायचं?

मग एके दिवशी दुपारी मास्तरांना खुर्चीतून उठता येईना. त्यांनी हातांनी जोर लावला, टेबलाची कड धरली, पण पाय उचलत नव्हते. "पायाला मुंग्या आल्यात," ते म्हणाले. आईने आणि बारकीने दोन्हीकडून धरून उठवलं, तर जिथे धरलं तिथे दंडावर काळेनिळे डाग उमटले. रिक्षात घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई शांत होत्या. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली गेलंय, साखर आणि रक्तदाब दोन्ही वर गेलेत, असं त्या म्हणाल्या. नर्सने मास्तरांचे कपडे उतरवून हॉस्पिटलचा झगा चढवला आणि बारकीने बापाचं अंग प्रथमच कपड्यांवाचून पाहिलं. मोठं गोल पोट, त्यावर जांभळे चरे, आणि खाली काटक्यांसारखे पाय. हे अंग तिला पाठ होतं. बोटाबोटाने तिनेच ते झाकलं होतं.

डॉक्टरबाईंनी खुर्चीवरच्या पँटीकडे पाहिलं. "कपडे तर अगदी मापात होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे सगळं गेल्या काही दिवसांतलं का?"

"हो, आत्ताआत्ताच," आई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

"नाही," बारकी म्हणाली. "हिवाळ्यापासून. कपडे मी वाढवत होते."

डॉक्टरबाईंनी तेवढं कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून तपासला आणि मग डॉक्टरबाईंनी दोघींना खोलीत बसवून सांगितलं. जुन्या कॅन्सरच्या पेशींनी रूप बदललं होतं. या नव्या पेशी त्या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाहीत, म्हणून आकडा चांगला येत राहिला. त्या पसरल्या होत्या, यकृतातही गेल्या होत्या. आणि त्या स्वतःच एक हार्मोन सोडत होत्या. "मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांना किती काम करायचं याचा हुकूम मेंदूतून येतो. इथे हा हुकूम गाठच देतेय. त्या बिचाऱ्या थांबतच नाहीत, कॉर्टिसॉल सोडत राहतात. चेहरा, पोट, पाय, साखर, सगळं त्यानेच. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. तो प्रोस्टेटमुळे होणं फार विरळा. मीसुद्धा आजवर पुस्तकातच वाचलं होतं."

"आणि तो राग?" आईने विचारलं.

"राग, झोप न येणं, एकदम बडबड, एकदम आनंद. सगळं त्यात येतं."

आईने पदराला नाही, हातातल्या पिशवीलाच डोळे पुसले. एवढ्या वाईट बातमीत तिला तेवढं एक सापडलं होतं. तिला टाकून बोलणारा, ताट सरकवणारा माणूस तिचा नवरा नव्हता.

"आधी आलो असतो तर?" बारकीने विचारलं.

"बरे झाले असते असं नाही. पण आणखी वेळ मिळाला असता. किती, ते कुणी सांगू शकणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रात्रंदिवस ते एकच वाक्य डोक्यात घोळवायचं, तर माणूस वेडा होईल. बारकीने दुसरं वाक्य धरलं, बाबांचं. तिने दादाला फोन केला. दादा हुंदके आवरत म्हणाला, "मग तुला ते जे बोलले ना कोटावरून, ते मनातून काढून टाक. तो आजार बोलत होता, बाबा नव्हते."

"आणि कात्री दिली तेव्हा?"

"तेव्हाचं काय?" दादा म्हणाला.

"तेव्हाही आजारच होता ना रे? शिवी आजाराची आणि शाबासकी बाबांची, असं कसं होईल?"

कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. मास्तर हळूहळू निवले. बडबड थांबली, झोप येऊ लागली, आणि पूर्वीचा अबोल माणूस परत आला. दादाही सुट्टी काढून आला, राहिला, परत जाताना जिन्यातच रडला. पुढे कॅन्सरची औषधं दिली, ती मास्तरांना झेपली नाहीत. ताप आला, छातीत संसर्ग झाला, त्यातून कसेबसे वर आले. मग डॉक्टरबाईंनीच घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आईला समजावून सांगावं लागलं नाही.

बारकीने वरच्या खोलीतच त्यांच्या खाटेजवळ मशीन आणून ठेवलं. ती शिवायची आणि झालं की कापड त्यांच्या पुढ्यात धरायची. पँट धरली, बाही धरली, एकदा तर जीव ओतून केलेली कोटाची कॉलर धरली. मास्तर पडल्यापडल्या ते उलटं करत, बोट फिरवत आणि म्हणत, "चालेल."

आजाराशिवायचा बाप हा असा होता. तिला हसू आलं आणि रडूही आलं. म्हणजे ते वाक्य आजाराचंच होतं. सगळ्या आयुष्यात एकदाच मिळालेलं, तेही एका गाठीने दिलेलं. आता विचारलं नाही, तर ते विचारायचं राहून जाणार होतं.

एका सकाळी आई खाली दूध आणायला गेली होती. मास्तर उशीला टेकून बसले होते. बारकीने मशीन थांबवलं.

"बाबा, वकीलसाहेबांपुढे तुम्ही मला कात्री दिलीत, ते आठवतं?"

"आठवतं."

"हात चांगला आहे म्हणालात. ते आजारामुळे बोललात का?"

मास्तर उशीवर जरा सरकून बसले. मग म्हणाले, "आजाराने तोंड सैल झालं असेल. खोटं नाही बोललो."

"पण तुम्ही माझ्या कामात तेव्हा नवीन असं काय पाहिलं होतं?"

"माझ्या पँटी."

बारकीच्या हातातून कापड घसरलं.

"अगं, शिंपी आहे मी," मास्तर म्हणाले. धाप लागत होती, थांबत थांबत बोलत होते. "पहिल्याच दिवशी उलटी करून बघितली. जुनी शिवण कुठे होती, ते मला सापडेना. माझीच शिवण, आणि मला सापडेना. मग रोज बघायला लागलो. ती कॉलर... ती मला जमली नसती. मनात म्हटलं, पोरगी पुढे गेली."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत? डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"पुन्हा ती इंजेक्शनं नको होती मला." ते भिंतीकडे बघू लागले. "आणि पँट बसत होती. रोज सकाळी भीत भीत चढवायचो. बसायची. म्हणायचो, बसतेय ना, मग आजचा दिवस ठीक आहे. न बसती तर गेलो असतो." मग ते म्हणाले, "कोट फाडला त्या दिवशी तोच राग होता. म्हटलं, ही इतकं चांगलं का झाकते? पण तुझ्यावर काढायला नको होता. तू काय करणार? तू आपलं काम केलंस."

बारकीला इतके दिवस हे ऐकायचं होतं. शाबासकी खरी होती, शिंप्याने शिंप्याला दिलेली. आणि ती ऐकताना तिला वाटलं, हे आजाराचंच निघायला हवं होतं. आपला हात वाईट असता, एक टाका ओढलेला दिसला असता, कंबर चुकली असती, तर हा माणूस हिवाळ्यातच हॉस्पिटलात गेला असता. तिने खाटेच्या कडेवर डोकं टेकलं.

जिन्यावर आईची पावलं वाजली. आत आल्याबरोबर तिने दोघांकडे पाहिलं. "काय चाललंय बापलेकीचं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "हिला सांगत होतो, हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

आई दूध हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली. "ऐकलंस ना? आता तर काही आजारातलं बोलणं नाही! चांगले शुद्धीवर आहेत. दादाला सांग आधी!"

बारकीला मान वर करता येईना. तिचे खांदे हलत होते. आईला वाटलं, पोरगी आनंदाने रडतेय. ती जवळ येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड हो, रड. बापच तो. आज ना उद्या म्हणणारच होता."